आमच्या वाट्याचं अर्धं पान

"पदर झटक," काकू म्हणाल्या.

मी पायरीवर उभी होते. ओसरीत पाच-सहा बायका. डोळे अजून ओले. आत्ताच मी त्यांना वाचून दाखवलं होतं, गोरे शिपाई राजवाड्यात कसे शिरले, राण्यांची झडती कशी घेतली, अंगावरचे दागिने कसे उतरवले. "काय हा जुलूम," म्हणून काकूंनी डोळे पुसले होते. आणि मी निघाले तर, पदर झटक.

मी झटकला. ओचा सोडून दाखवला. काही पडलं नाही. पडणार काय? रोज हेच चालायचं. पण त्या दिवशी कान तापले. झडती वाचली होती ती माझ्याच तोंडानं.

मी कैकाड्याची पोर. सोलापूरच्या शेटलमेंटात जन्मले, काटेरी तारेच्या आत. सरकारी कागदावर आमची सगळी जात गुन्हेगार. सकाळी हजेरी, सांजेला हजेरी. बाहेर कामाला जायचं तर पास. बा गिरणीत जायचा तोही पास दाखवून. मी आतल्याच शाळेत शिकले, आणि सतरा वर्षांची असताना शुक्रवार पेठेत एका वकिलाच्या घरी अंगण झाडायला लागले. तीसच्या आसपासचं साल. गावात सभा चाललेल्या. वकील खादी घालायचे. काकू त्यांची बायको. त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. एकदा अंगणात पडलेला वर्तमानपत्राचा तुकडा मी मोठ्यानं वाचला, तो त्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवसापासून झाडणं झालं की वाचायचं. पायरीवर बसून. ओसरीवर चढायचं नाही.

पुस्तक इंग्रजी राज्याच्या इतिहासाचं. जाडजूड. पण लिहिणारा असा, की तोफ उडाली की माझेच कान बसायचे. किल्ले पडायचे. तह व्हायचे, मोडायचे. कुठल्याशा राजाला त्याच्याच गावात पहाऱ्यात ठेवलं. विचारल्याशिवाय वेशीबाहेर जायचं नाही. दिवसातून दोनदा साहेबाला तोंड दाखवायचं. ते वाचताना माझी जीभ अडखळली. हे तर मला माहीत होतं.

परत जाताना सात रस्त्याच्या चौकात टांग्याखाली येता येता वाचले, इतकं डोकं भणभणत होतं. हजेरीच्या रांगेत माझं नाव पुकारलं ते ऐकूच आलं नाही. जमादारानं शिवी दिली. मी घरी येऊन बाला विचारलं, "बा, आपल्याला तारंत का घातलं?"

बा टोपलीचं बूड विणत होता. "आपुन चोर हाय म्हून."

"तुमी कंदी चोरी केली?"

"न्हाय."

"मग?"

"तसं लिवलंय की कुटंतरी."

कुठं लिहिलंय? त्यानंतर मला वाचायची घाई लागली. काकू म्हणायच्या, "हळू वाच गं, गाडी चुकतेय का तुझी?" मी पुढचं पान चाळून बघायची. राजे, नबाब, पलटणी. आमचा पत्ता नाही.

मग सापडलं. पुस्तक संपत आलेलं. अर्धं पान. मी थांबले.

"का गं? पान फाटलंय?"

"न्हाय."

"मग वाच."

मी वाचलं. 'या जन्मजात चोरांच्या टोळ्यांचा बंदोबस्त मात्र सरकारने चोख केला, हे मान्य केले पाहिजे.' खाली जातींची नावं. चौथं नाव आमचं.

पानापानाला इंग्रजांवर आग पाखडणारा हा लिहिणारा. इथं तेवढा सरकारपुढं मान लववून उभा.

ओसरीतल्या एका बाईनं हळूच आपला तांब्या जवळ ओढला. काकू म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू शिकलीस. पुढं वाच."

मी म्हटलं, "माझ्या बानं काय चोरलं, ते हितं न्हाय लिवलेलं."

"एवढ्या लोकांचं एकेकाचं कोण लिहीत बसणार?"

मी पुस्तक मिटलं. पायरीवर ठेवलं. उठले.

"पदर झटक."

"न्हाय झटकणार."

"काय म्हणालीस?"

"राण्यांची झडती ऐकून तुमी रडला, काकू. माझी रोज तुमीच घेता."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. राग होता की लाज, मला कळलं नाही. मी थांबलेही नाही. रस्त्यावर येईपर्यंत मागं वळले नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांची चिठ्ठी शेटलमेंटच्या कचेरीत पोचली. पोरगी उर्मट आहे. पास बंद झाला. बा तोंड फिरवून बसला. आई म्हणाली, "मिळवलंस काय?"

मला स्वस्थ बसवेना. शाळेतली एक वही उरली होती. ती घेऊन मी बासमोर बसले. "बा, तुमाला धरलं तवा काय करत व्हता?"

त्यानं हातातली टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बार्शीच्या बाजारात टोपल्या इकत व्हतो. लेकराला ताप व्हता." ते लेकरू म्हणजे माझा थोरला भाऊ. इथं आणताना वाटेतच गेला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ते लिहिलं. मग शेजारच्या आत्याचं. मग पलीकडच्या म्हाताऱ्याचं. कुठल्या गावातून उचललं, हातात काय काम होतं, कोण मागं राहिलं. कुणी सांगताना रडायचं, कुणी मला हाकलायचं. मी पुन्हा जायची.

महिन्याभरात वहीची बातमी कचेरीत गेली. शेटलमेंटच्या मॅनेजरनं बोलावलं. टेबलावर नवा पास ठेवला. म्हणाला, "वही दे आणि पास ने."

"वही देणार न्हाय."

"मग तारेतच राहशील."

"राहीन. आत लई माणसं हायत. त्यांचं लिवायचं राहिलंय."

पास टेबलावरच राहिला. मी बाहेर आले. झोपड्यांच्या तिसऱ्या ओळीतल्या आंधळ्या म्हातारीचं अजून लिहायचं होतं. मी तिच्याकडे गेले.