उंबऱ्यापुढची रांगोळी

मोबाइलच्या पडद्यावर आमच्या दाराशी वाकलेली एक बाई दिसली आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. नाताळच्या सुटीत आम्ही कोकणात आलो होतो. निघण्याआधी घराचा विमा उतरवला, दाराला नवं कुलूप घातलं, वर कॅमेरा बसवला. समोरच्या काकूंना मात्र "जरा जाऊन येतो" एवढंच सांगितलं. किल्ली त्यांच्याकडे ठेवायचा विषयही काढला नाही. एकट्या असतात, कुणाकुणाशी बोलत बसतात, असं मनात होतं.

आणि आता त्याच आमच्या दाराशी होत्या.

"काय करतायत बघ," नवरा म्हणाला. मी चित्र मोठं केलं. काकूंनी आमचं वर्तमानपत्र उचललं, उंबऱ्यापुढची फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि चिमटीने रांगोळी काढायला लागल्या. घर बंद आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये म्हणून.

समोर समुद्र होता, पण मला तिकडे बघवेना. चोर मी कधी पाहिलेला नाही. म्हणूनच असेल, कुलूप ओढून बघताना माझ्या डोळ्यांपुढे ओळखीचेच चेहरे येतात.

परतलो तेव्हा रांगोळी ताजी होती. बॅग उचलून धरत मी ती ओलांडली. काकू त्यांच्या दारात आल्या आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हा लावलास ते फार बरं केलंस गं. मजल्यावर मी एकटीच होते ना, तुमचा तेवढाच आधार वाटला."