ग्रिसेल बाल्फरची झोप

ग्रिसेल बाल्फरच्या डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, एवढंच काम होतं, आणि त्यासाठी अख्खं गाव जुंपलं होतं. शेजारणी पाळीपाळीने चर्चच्या मनोऱ्यात येऊन बसत. तिची मान कलली की टोचायचं, उठवून चालवायचं. चेटकीण थकली की कबूल होते, असं पाद्रीबुवांचं म्हणणं. अहो, थकल्यावर कोण कबूल होत नाही?

भांडण झालं होतं जळणावरून. बेथिया लम्सडेनच्या नवऱ्याने, ॲडमने, ग्रिसेलच्या ढिगातली पीटची, म्हणजे जळाऊ मातीची, ढेकळं उचलली आणि ती बोलून गेली, "ऊब लाभायची नाही तुला!" एकट्या विधवेच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? पुढे ॲडमने अंथरूण धरलं आणि गावाने ग्रिसेलला. तेव्हापासून ती एकच वाक्य धरून होती, "मी काही केलं नाही." तिचा जीव त्या वाक्यावर तगून होता.

आज दुपारी बेथियाची पाळी होती. दाराशी चर्चचे एक पंच बसले होते. बेथियाने टोचणी हातात घेतलीच नाही. ती गुडघ्यांवर बसली.

"ग्रिसेलताई, देवाच्या नावानं माझ्या नवऱ्याची तब्येत परत दे."

असं तीनदा मागायचं, चेटकिणीने 'दिली' म्हणायचं, की माणूस उठतो, हे त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. आणि जी देते तिनेच ती नेलेली असते, हेही.

"अगं बये, माझ्याकडे असती तर आधी माझ्या गुडघ्यांना नसती दिली?"

"चेष्टा नको गं. पेजेला तोंड लावत नाहीत. म्हणतात, ग्रिसेल सोडेल तेव्हाच खाईन. देवाच्या नावानं दे!"

मूर्ख मेला, ग्रिसेलला वाटलं. भीतीनेच मरायचा. त्याला उठवायला एक शब्द पुरे होता, आणि तिला जाळायलाही तोच. तिला राग यायला हवा होता. पण रागालासुद्धा अंगात बळ लागतं.

"देवाच्या नावानं," बेथिया तिसऱ्यांदा म्हणाली. ती रडत होती.

"दिली," ग्रिसेल म्हणाली. "जा, गरम पेज घाल त्याला. दूध जास्त घाल."

बेथियाने तिच्या हातांचे मुके घेतले आणि घराकडे धूम ठोकली. पंच पाद्रीबुवांना आणायला निघाले. ग्रिसेल दगडी जमिनीवरच आडवी झाली.

पाद्रीबुवा वर आले तेव्हा ती घोरत होती. त्यांनी तिला उठवलं नाही. आता गरज नव्हती.