पानावरचा हात

"हात काढा नं जी!"

लग्नाच्या पंगतीत हे कानावर आलं की ओळखायचं, काकाजी आपल्या रांगेत शिरले. एका हातात जिलेबीचं ताट, खांद्यावर पंचा. तुम्ही पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून नको नको म्हणत असता आणि हा माणूस खाली वाकून तुमची बोटं एकेक करून बाजूला सारत असतो. वर म्हणणार, "एक घास माह्या नावानं." त्या नावानं आमच्या सक्करदऱ्यात किती पोटं बिघडली, देव जाणे.

घर विणकरांचं. माग बंद पडले तेव्हा त्यांनी किराणा दुकान टाकलं, पण माणसाचा जीव रमायचा तो पंगतीत. मोहल्ल्यात लग्न ठरलं की आधी कार्यालय ठरायचं आणि मग काकाजी. वाढपी कितीही असोत, आग्रह त्यांनीच करायचा. "माह्या नावानं" म्हटलेला घास परत करणं म्हणजे त्या माणसाला दारातून परत पाठवणं, असं ते मानत. स्वतःही कधी कुणाचा घास परत केला नाही. हे लक्षात असू द्या, पुढे सगळं त्यावरच अडलं.

त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं आणि गिळणं बंद पडलं. मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात अशाच लोकांना ॲक्युपंक्चरच्या सुया आणि विजेच्या मशीनचे उपचार देते. शेजाऱ्यांचे पेशंट मी घेत नाही. शेजारी ऐकत नाहीत आणि मला ओरडल्याशिवाय राहवत नाही. पण काकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्या ओट्यावर येऊन नुसतीच बसली. उठेचना. मग काय करणार?

नाकातल्या नळीतून पातळ जेवण चालू होतं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत गिळता आलं नाही, तर पोटाला भोक पाडून तिथून नळी टाकू. काकाजींनी त्याचा धसका घेतला होता. अडखळत म्हणाले, "मी काय... गाडी हाय... पेट्रोल भराले?"

मी हसले आणि सुया काढल्या.

सुईनं जादू होत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. मानेमागे आणि हनुवटीखाली सुया लावायच्या. त्या काढल्या की गळ्यावर चिकटपट्ट्या लावून बारीक करंट सोडायचा. झोपलेले स्नायू त्यानं चाळवले तर चाळवतात. काहींचे चाळवतच नाहीत. गिळायचं ते माणसालाच गिळावं लागतं. मी दोन बोटं त्यांच्या कंठमण्यावर ठेवायची आणि म्हणायची, "गिळा." घाम यायचा, डोळे मोठे व्हायचे, कंठ जागचा हलायचा नाही. "गिळा, काकाजी!" लाळ ओठावरून खाली यायची आणि काकू पदरानं पुसायची.

घरातल्या सगळ्यांना मी दम भरला होता, मला विचारल्याशिवाय तोंडात थेंब घालायचा नाही. आजाऱ्याला पातळ द्यावं, ही आपल्या घराघरातली समजूत. इथे उलटं असतं. पातळ पदार्थ गळ्यात थांबत नाही, सरळ श्वासाच्या वाटेला लागतो आणि छातीत उतरतो. घट्ट पदार्थ जरा दम धरतो. काकूला पटलं. पण व्याह्यांना कोण सांगणार?

व्याही उमरेडहून आले, काकाजींच्या लेकीचे सासरे. माणूस सोन्यासारखा. सोबत घरी काढलेला संत्र्याचा रस, गाळून गाळून पाण्यासारखा केलेला. काकू चहा टाकायला आत गेली आणि यांनी चमचा पुढे केला. "पातळच हाय, सोयरे. एक घोट माह्या नावानं."

आता सांगा, त्या माणसानं काय करावं? लेकीचा सासरा आणि त्याच्या तोंडात आपलेच शब्द! काकाजींनी तोंड उघडलं.

ठसकासुद्धा लागला नाही, तीच तर भीती; रस गुपचूप छातीत उतरतो. संध्याकाळी मी गेले तेव्हा आवाज ओला येत होता, घशात पाणी खळखळल्यासारखा. सकाळी ताप, दुपारी दवाखाना. छातीत कफ, तोंडावर मास्क. बाहेर बाकावर व्याही डोकं धरून बसले होते आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले. लेकीच्या सासऱ्याशी कुणी बोलत नाही तसं बोलले. ते फक्त म्हणाले, "मले काय मालूम, बाई? पानी त देवालेही चालते."

काकाजी वाचले. हाडांचा सापळा होऊन घरी आले. मी व्याह्यांच्या नावानं पुन्हा सुरू झाले, तर काकाजींनी डावा हात वर केला.

"त्याले... काहून बोलून राहिली? मीनंच... शिकवलं न त्याले."

मी खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, "काकाजी, सुया मी टोचीन, मशीन मी लावीन. पण नाही तुम्हालाच म्हणावं लागेल. कुणीही येऊ द्या. तुम्ही नाही म्हणणार नसाल, तर मी उद्यापासून येत नाही." खरंच आले नसते का, मला माहीत नाही. रडू येत होतं, म्हणून जोरात बोलले.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. नाही म्हणणं त्यांना गिळण्यापेक्षा जड होतं.

तपासणी जवळ आली होती. मी गळ्यावर पट्ट्या लावत होते, इतक्यात त्यांची मोठी बहीण आली. आईच्या मागे हिनंच त्यांना वाढवलेलं. हातात सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटी. मी तोंड उघडायच्या आत तिनं चिमूटभर शिरा त्यांच्या ओठांशी नेला. "प्रसाद हाय रे बाबू. माह्या नावानं."

माझ्या हातात वायर तशीच राहिली. मी ओरडले असते तर म्हातारी थांबली असती. पण मी नसताना कोण ओरडणार होतं?

काकाजींचा डावा हात उठला आणि त्यांनी तो तोंडावर आडवा धरला. बहिणीनं बोटं बाजूला करायला बघितलं, अगदी त्यांच्याच पद्धतीनं. त्यांनी हात काढला नाही. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तरी काढला नाही. म्हातारीनं शिरा वाटीत टाकला आणि त्यांच्या पायाशी बसून राहिली.

कंठ हलायला मग हळूहळू सुरुवात झाली. सुयांनी म्हणा, करंटनं म्हणा, नाहीतर त्या म्हाताऱ्याच्या हट्टानं म्हणा. मी छातीठोकपणे सांगणार नाही. तपासणीच्या आधी मी काकूला पिठल्यासारखं घट्ट वरण करायला सांगितलं. काकूनं चमचाभर भरवलं, हनुवटी छातीला टेकवली, माझी बोटं कंठावर. क्षणभर काहीच नाही. मग कंठ वर चढला आणि खाली आला.

"आवाज द्या, काकाजी!"

"अजून... एक," ते म्हणाले. आवाज कोरडा होता, खडखडीत. काकू चमचा हातात धरून तशीच हुंदके देत बसली.

पोटातली नळी टळली, नाकातलीही निघाली. चहा मात्र घट्ट करूनच मिळायचा. रोज कुरकुर, "हा चहा हाय का बेसन?" व्याही यायचे ते आधी मला विचारून, घट्ट दही घेऊन. दोघं एका वाटीतून खायचे. दुसरा झटका आला तो थंडीत. तेव्हा मात्र काही करायला वेळच मिळाला नाही.

परवा हुडकेश्वरला त्यांच्या नातीचं लग्न झालं. मोठं लॉन, उभ्यानं जेवण. वाढणारा जिलेबी घेऊन आला. मी सवयीनं ताटलीवर हात आडवा धरला. "ओके मॅडम," म्हणाला आणि पुढे गेला. व्याही शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.