आमच्या रेखाचं नाक

आटपाट नगर होतं, त्याचं नाव कॅम्प नंबर तीन. तिथं मी, माझा मुलगा सुनील, त्याची बायको रेखा आणि त्यांची तीन वर्षांची चिऊ राहत होतो. म्हणजे अजून राहतोच. घरात बारा महिने सर्दीचं माणूस असलं की किस्से साचतात, दोरीवर न मावणाऱ्या रुमालांसारखे.

रेखा जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसते. तिथली धूळ निळी, म्हणून ती शिंकली की रुमालही निळा! शिंकांचं एक वेळ चाललं असतं. पण नाक इतकं बंद की तिला वासच येत नव्हता. चिऊ झाली तेव्हा आम्ही सगळे तिची टाळू हुंगत होतो, तर रेखाने हळूच विचारलं, "आई, कसा वास येतो हो हिला?"

मी पुन्हा एकदा टाळू हुंगली.

शेजारची सिंधी मोहिनीभाभी शकुनाची भारी. एक शिंक आली की थांबायचं, दुसरी आली की निघायचं. एकदा ती मुलीसाठी स्थळ बघायला निघाली आणि इकडे रेखा सुरू झाली. थांबेचना. भाभी एक चप्पल पायात, एक हातात घेऊन उभी. शेवटी म्हणाली, "बेटा, एक बार बता दे, जाऊँ कि बैठूँ?"

मग नाकाच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, ही वर्षभराची ॲलर्जी. कारखान्याची धूळ आहेच, शिवाय गादीत बारीक किडे असतात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आमच्याकडे ढेकूण नाहीत. तो म्हणाला, हे डोळ्यांना दिसत नाहीत, सगळ्यांच्याच घरी असतात.

"तुमच्याही?"

"माझ्याही."

तेव्हा कुठे मी घरी येऊन उशांचे अभ्रे कढत पाण्यात टाकले.

डॉक्टरने कामावर मास्क लावायला सांगितला आणि नाकात मारायचा स्प्रे दिला. रेखा शिंका आल्या की मारायची, बरं वाटलं की कपाटात ठेवायची. डॉक्टर रागावला, रोज मारायचा म्हणाला. तरी घरी आल्यावर हिचं आपलं, आज तर बरंय की. मी म्हटलं, "तुळशीला पाणी ती सुकल्यावर घालतेस का?" तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी स्प्रे.

परवाच्या रविवारी चिऊ खेळून आली आणि रेखाच्या मांडीवर चढली. रेखाने तिच्या केसांत नाक घातलं आणि थांबली. पुन्हा घातलं.

"आई, ही घामट पोरगी भिजलेल्या कोंबडीसारखा वास मारते!"

मी उठले. म्हटलं, पाणी तापवते, न्हाऊ घालू तिला.

रेखाने पोरीला घट्ट धरलं. म्हणाली, "आज नको, आई."