तेलाच्या फरशीवर अनवाणी

दादा गिरणीच्या दाराबाहेर पोत्यावर पडला होता. छाती एका बाजूनं आत गेलेली. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. आत शेठजी यंत्रावर गोमूत्र शिंपडून घेत होते. नव्या यंत्राला रक्त लागलं होतं. डॉक्टरकडे माणूस पाठवला तो त्यानंतर.

सोलापुरातली शेंगदाणा तेलाची गिरणी. तेल काढायचं लोखंडी यंत्र जागेवर न्यायचं होतं, खाली लाकडी ओंडके घालून, पहारींनी रेटत. फरशी तेलानं कायम निसरडी. म्हणून जड काही हलवताना माणसं आधी राख पसरत. त्या दिवशी यंत्राची पूजा झाली होती. वाटेवर रांगोळी होती. वहाणा बाहेर काढायला लावल्या होत्या.

"मालक, वाईच राख टाकू द्या की. पाय सरकतोय," दादा म्हणाला.

मुकादम हसला. "नवरीवानी पाय काय जपतोस?"

शेठजींनी घड्याळ पाहिलं. "रांगोळी मोडू नका. मुहूर्त टळतोय. रेटा."

रेटलं. दादा घसरला. यंत्र त्याच्यावर कललं.

मी तिथेच होतो. शेठजींनीच मला शाळेत घातलं होतं. पाहुण्यांना दाखवायला पूजेला मुद्दाम बोलावलं होतं. आई त्यांना देवमाणूस म्हणायची. मीही.

दादा संध्याकाळी गेला.

दहाव्यानंतर शेठजी शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीवर आले. मला वाटलं, माफी मागायला आले. मी चटई अंथरली.

गिरणीतली माणसं तेव्हापासून कामावर गेली नव्हती. चटईवर बसून शेठजी म्हणाले, "बाळ, तू शिकलेला. तुझं ऐकतील. सांग त्यांना, तुझा भाऊ प्यायलेला होता."

दादानं दारूला कधी हात लावला नाही. शेठजींना ते ठाऊक होतं.

"नाही सांगणार."

"कुणामुळं वाचायला लागलास?"

आई भिंतीला टेकून होती. पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघून बोलली. "मालक, उटा. माझा ल्योक प्याला न्हवता."

ते उठले.

त्यांनी मला शिकवलं, हे मी नाकारत नाही. पण त्या उपकारापोटी भावाचं मरण खोटं करणार नाही. उद्या सकाळी माणसं फाटकावर जमणार आहेत. घडलं ते मी तिथे सांगेन. हुकूम कुणी दिला, तेही नाव घेऊन सांगेन. शेठजी समोर असले तर बरंच.