आप्पांच्या वहीतली नवी शेड

मागच्या बुधवारी सकाळी सात वाजता मी आणि आप्पा डिंडोलीतल्या एका लॅबच्या बाकावर बसलो होतो. शुगरचीही टेस्ट होती म्हणून आप्पा उपाशी... आणि ते उपाशी म्हणून मीही.

आप्पा म्हणजे माझे वडील. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये तीस वर्षं रंगमास्तर. अंगानं काडी, नखं कधी निळी तर कधी गुलाबी... लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील रोज वेगळ्या रंगाचे होऊन घरी येतात.

या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर भारी विश्वास. कापडाची बॅच मशिनात असली की रंगाची शेड बिघडेल म्हणून जागा सोडायची नाही, आणि जागा सोडावी लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. दहा वर्षांपासून बीपी आहे, पण किडनीचं नाव काढलं की म्हणणार, "माले काय व्हयनं? लघवी रोज बघतो मी, शेड बरोबर आहे." आता अशा माणसापुढे किती डोकं फोडायचं...

मला धास्ती होती ती मोठ्या काकांमुळे. त्यांच्या किडनीचं कळलं तेव्हा थेट डायलिसिसच सुरू झालं. त्याआधी त्यांनाही काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

किडनीसाठी रक्तात बघतात ते क्रिएटिनिन आप्पांचं गेल्या वर्षी नॉर्मल आलेलं. पण यंदा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ते स्नायूंमधून येतं, इतक्या बारीक माणसात आकडा उगाच चांगला दिसू शकतो. म्हणून स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ताचीच आणखी एक टेस्ट लिहून दिली... सिस्टॅटिन सी.

"काका, हाथ ढीलो राखो," लॅबवाल्या ताई गुजरातीत म्हणाल्या, हात सैल सोडा. रक्त घेऊन झाल्यावर आप्पांनी ती ट्यूब मागून घेतली आणि खिडकीतल्या कोवळ्या उन्हात धरली. मिलमध्ये सॅम्पल बघतात तश्शीच... मान तिरकी, डोळे बारीक.

ऊन त्या लाल रंगात शिरलं आणि सगळं कसं सावकाश झालं. आप्पांनी मान डोलावली... पास. तेवढा वेळ मलाही खरंच वाटलं, माझ्या बापाला काही झालेलं नाही.

शुक्रवारी रिपोर्ट आला. किडनीचं काम मंदावायला लागलंय. पण आत्ताच कळलं हे नशीब, मॅडम म्हणाल्या. बीपी सांभाळा, मीठ कमी करा, मनानं पेनकिलर घेऊ नका, तीन महिन्यांनी परत बघू.

 परतताना रिक्षात आप्पा हळूच म्हणाले, "ओला कपडा गडदच दिसतो, खरी शेड वाळल्यावर कळते. सगळ्यांना शिकवतो मी हे... अन् स्वतःला ओल्यावरच पास करून टाकलं." मला तिथेच रडू आलं.

घरी आल्यावर त्यांनी त्यांची वही काढली. पास झालेल्या प्रत्येक शेडचा छोटासा तुकडा त्यात लावलेला असतो, पुढची बॅच त्याच्याशी जुळवायला. एका अबोली तुकड्याशेजारी आप्पांनी रिपोर्टची घडी स्टेपल केली आणि म्हणाले, "पुढचा याच्याशी मॅच करू."

काल ते ड्युटीवरून येऊन झोपल्यावर मी वही उघडून बघितली. रिपोर्टनंतरचं पान कोरं ठेवलंय, वर फक्त तीन महिन्यांनंतरची तारीख... देवा, त्या वहीची अजून खूप पानं आप्पांच्याच हातानं भरू देत.