कडूबाईचा कॉम्प्युटर

बजाजनगरात कडूबाईच्या कॉम्प्युटरला नावं न ठेवलेला माणूस शोधूनही सापडला नसता. मेंढरांमागं वाढलेली पोर गंगापुरात दहावीपर्यंत शिकली, टायपिंगच्या क्लासला गेली, इथवर लोकांनी चालवून घेतलं. पण बंद पडलेल्या एका ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर तिनं घरी आणला, तेव्हा शेजारणींच्या पोटात दुखायला लागलं. "आता मेंढरं मशीनवर मोजणार का?" नळावर एकीनं विचारलंच. "तुमच्या चहाड्या मोजते. त्याच लई झाल्यात," असं म्हणून कडूबाई हंडा उचलून चालती झाली.

सासू बानाबाईला मात्र सुनेच्या मशीनचं भारी कौतुक. पोट भरणाऱ्या वस्तूला हात जोडायचे, ही तिची जन्माची रीत. रोज सकाळी खंडोबाची पूजा झाली की ती भंडाऱ्यात तेलाचं बोट कालवायची आणि मशीनला टिळा लावायची. मग मशीन चालू व्हायचं. अर्ज, लग्नपत्रिका, युनियनच्या नोटिसा, सगळं त्यातून निघायचं.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत आली आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. अर्धा मराठवाडा नाचत होता, अर्धा दात खात होता. कडूबाईचा नवरा मल्हारी ज्या कारखान्यात होता, तिथलाच रामकिसन एका दुपारी पत्रकाचा मजकूर घेऊन आला. नामांतराच्या स्वागताला कामगारांची सभा ठेवली होती, आणि दोन छापखान्यांनी त्याला लांबूनच हात जोडले होते.

"वहिनी, तुमी नाय म्हणलात तरी म्या समजून घेईन," तो म्हणाला.

"समजून कशाला घेता? बसा, चहा घ्या," कडूबाई म्हणाली, आणि तो चहा पिईपर्यंत अर्धा मजकूर टाइपही झाला.

ही गोष्ट वरच्या मजल्यावर घरमालक नानासाहेबांच्या कानावर गेलीच. ते खाली उतरले आणि दारातूनच बोलले, "कडूबाई, माझ्या घरातून ह्या नावाचं पत्रक निघालं, तर खोली खाली करायची. आधीच सांगून ठेवतो."

मल्हारीचा चेहरा उतरला. कडूबाईनं नुसतं "बरं" म्हटलं. तिचं "बरं" ऐकून मल्हारीला जास्तच धसका बसला, कारण आठ वर्षांच्या संसारात ते "बरं" म्हणजे होकार असल्याचं त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर आकडे पळायचे, आतून घर्र आवाज यायचा आणि आता चालू होतंय म्हणेपर्यंत सगळं विझून पुन्हा पहिल्यापासून सुरू. सभा उद्यावर आलेली. नामांतराविरुद्धच्या बंदमुळे शहराची वाट अडलेली, म्हणजे तिथला मेकॅनिक येण्याची सोय नाही. नानासाहेब जिन्यात उभे राहून मुद्दाम मोठ्यानं बोलले, "देवालाच पटलं नाय. म्हणून मशीन बसलं."

हे कडूबाईच्या फार जिव्हारी लागलं. मशीन बिघडलं तर बिघडलं. पण तिचा खंडोबा नानासाहेबांच्या बाजूनं उभा आहे, हे तिला मान्य नव्हतं.

कळपात खोड कुणाची हे कळत नसेल, तर तिचा बाप एकेक मेंढरू बाजूला काढून बघायचा. तिनं तेच केलं. प्रिंटर सोडवला, तरी तेच. कीबोर्ड काढला, तरी तेच. शेजारच्या खोलीतून वायर ओढून वीज घेतली, तरी मशीन आपलं पुन्हा पुन्हा सुरूच. शेवटी काढायला काही उरलं नाही, तेव्हा तिनं डब्याच्या तोंडाशी डोळे नेले. पुढच्या बाजूला एक बारीक बटण होतं. मशीन अडकलं तर पुन्हा सुरू करायचं बटण. ते पिवळ्या लेपाखाली आत रुतून बसलं होतं.

"आत्याबाई, टिळा कुठं लावता तुमी?"

"कपाळाला," बानाबाई म्हणाली आणि बोट नेमकं त्या बटणावर ठेवलं.

कडूबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. रोजच्या टिळ्यानं भंडारा फटीत चिणला गेला होता. बटण अर्धवट दाबलेलंच राहायचं, आणि मशीन बिचारं हुकूम पाळत पुन्हा पुन्हा उठायचं. तिनं सुईनं लेप खरवडला, चिंधीनं फट पुसली. बटण टक्‌कन बाहेर आलं. पडद्यावर आकडे पळाले, थांबले, आणि तिनं अर्धं राहिलेलं पत्रक उघडलं.

बानाबाई घाबरली होती, पण क्षणभरच. ती तरातरा जिन्याशी गेली आणि वर तोंड करून ओरडली, "ओ नानासाहेब! देवाचं नाव घिऊ नगा! मशीन म्या बंद पाडलं व्हतं, अन् माझ्या सुनेनं चालू केलं!"

वरून दार लावल्याचा आवाज तेवढा आला.

संध्याकाळी मजकूर पूर्ण झाला. विद्यापीठाचं नवं नाव तिनं सगळ्यात वर, ठळक घेतलं. पत्रकाच्या तळाशी जुळणी करणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत असते. ती जागा तिनं अजून मोकळी ठेवली होती. रामकिसन हळूच म्हणाला, "वहिनी, तिथं काय टाकू नगा. तुमाला हितंच ऱ्हायचंय."

मल्हारी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "टाक. खोल्या काय, दुसऱ्या मिळतील."

कडूबाईनं टाइप केलं: अक्षरजुळणी, कडूबाई मल्हारी, बजाजनगर.

"मंग बारीक तरी टाका," रामकिसन म्हणाला.

तिनं अक्षर मोठं केलं आणि प्रिंटर सुरू केला.